अ‍ॅडॉल्फ अँडरसन: बळी देण्यामागची मोजणी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एकोणिसाव्या शतकातले जर्मन बुद्धिबळपटू अँडरसन यांचा ‘अमर डाव’ आणि ‘सदाबहार डाव’ प्रत्येक पुस्तकात कौतुकाने छापलेले असतात. पण १८५८ मध्ये अमेरिकेचे तरुण खेळाडू पॉल मॉर्फी यांनी त्यांचा दणदणीत पराभव केला आणि पुढे त्यांचे नाव पुष्कळदा त्या पराभवाच्या संदर्भातच घेतले गेले. मग ते खरोखर किती ताकदीचे खेळाडू होते? त्यांची शैली म्हणजे मोहरे उधळण्याची नुसती हौस होती का? आणि आज बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलाने त्यांच्या डावांवर वेळ घालवावा का?

मी बरीच वर्षे मुलांना बुद्धिबळ शिकवत आलो आहे आणि अँडरसन यांचे डाव माझ्या शिकवण्यात नेहमी असतात, म्हणून हे उत्तर जरा विस्ताराने देतो. माझे मत आधीच सांगून टाकतो. अँडरसन यांनी दिलेले बळी, म्हणजे जाणूनबुजून सोडलेली मोहरे, हे बेफिकिरीतून दिलेले नव्हते. मात कुठे आणि कोणत्या मोहऱ्यांनी होणार याचे चित्र आधी पाहून, तेथपासून मागे मोजत येणाऱ्या माणसाचे ते बळी होते. त्यांची उणीव वेगळीच होती आणि मॉर्फींनी नेमके त्या उणिवेवर बोट ठेवले. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे त्यांच्यावर अन्याय होतो, असे मला मनापासून वाटते.

अँडरसन यांचा जन्म ६ जुलै १८१८ रोजी ब्रेस्लाऊ येथे झाला. हे शहर तेव्हा प्रशियाच्या सायलीशिया प्रांतात होते. आज ते पोलंडमधील व्रोत्स्वाफ आहे. वयाच्या नवव्या वर्षी वडिलांनी त्यांना खेळ शिकवला. डाव कसा रचायचा याची पहिली समज त्यांना लाबूर्दोने आणि मॅकडॉनेल या आधीच्या पिढीतल्या नामवंत खेळाडूंमधील गाजलेल्या डावांच्या एका संग्रहातून मिळाली. ब्रेस्लाऊच्या विद्यापीठात त्यांनी गणित आणि तत्त्वज्ञान यांचा अभ्यास केला, १८४७ मध्ये तेथीलच फ्रीडरिश्स गिम्नाझियम या शाळेत नोकरी धरली आणि गणित शिकवता शिकवता त्याच शाळेत ते प्राध्यापक झाले. त्यांनी लग्न केले नाही. विधवा आई आणि बहीण यांच्यासोबत ते राहत. त्यांचे आयुष्य बाहेरून पाहता इतके साधे आणि एकसुरी होते की चरित्रकाराला लिहायला फारसे काही सापडू नये. पण यातली एक गोष्ट त्यांचा खेळ समजून घेताना कायम डोळ्यांसमोर ठेवायला हवी: ते पोटासाठी बुद्धिबळ खेळत नव्हते. स्पर्धा आणि सामने यांसाठी त्यांना शाळेच्या सुट्टीची वाट पाहावी लागे आणि मधल्या काळात तोडीचा प्रतिस्पर्धी समोर नसे.

खेळाडू म्हणून नाव होण्याआधी ते ओळखले गेले ते कूटप्रश्नांचे, म्हणजे दिलेल्या मांडणीतून मात शोधायला लावणाऱ्या कोड्यांचे, रचनाकार म्हणून. १८४२ मध्ये त्यांनी ६० कूटप्रश्नांचा संग्रह प्रसिद्ध केला. पुढे बर्लिनहून निघणाऱ्या बुद्धिबळविषयक मासिकाच्या संपादनातही ते अनेक वर्षे होते. कूटप्रश्न रचणारा माणूस शेवटाकडून सुरुवात करतो. राजा अमुक घरात अडकला पाहिजे, त्याच्या पळण्याच्या वाटा अमुक मोहऱ्यांनी बंद केल्या पाहिजेत, आणि वजीर किंवा हत्ती पटावर आडवा येत असेल तर तो नाहीसा झाला पाहिजे, अशा क्रमाने त्याचे डोके चालते. अँडरसन यांच्या डावांत दिसणारी कल्पकता नेमकी या सवयीतून आली आहे.

१८५१ मध्ये लंडनला भव्य औद्योगिक प्रदर्शन भरले आणि त्याच निमित्ताने हॉवर्ड स्टाँटन यांनी पुढाकार घेऊन स्पर्धा भरवली. बुद्धिबळाची ही पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा मानली जाते. प्रवासाच्या खर्चामुळे अँडरसन यांची जायची तयारी नव्हती. तेव्हा बक्षीस मिळाले नाही तर प्रवासखर्च मी स्वतःच्या खिशातून देईन, असे स्टाँटन यांनी कळवले. स्टाँटन हे त्या काळातले सर्वांत नावाजलेले खेळाडू होते आणि ही स्पर्धा तेच जिंकतील अशी बहुतेकांची अपेक्षा होती. अँडरसन यांनी निघण्यापूर्वी मायेट, फाल्कबेअर, लांगे, डुफ्रेन अशा खेळाडूंबरोबर शंभराहून अधिक सरावाचे डाव खेळून तयारी केली. प्रतिभावंत माणूस तयारीविना जिंकतो असा समज असणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. १६ खेळाडूंची ती बाद पद्धतीची स्पर्धा होती. अँडरसन यांनी अनुक्रमे किझेरित्स्की, सेन, खुद्द स्टाँटन आणि शेवटी वायविल यांना हरवले. स्टाँटन यांच्याविरुद्ध तर चार डाव जिंकून एकच गमावला. पहिले बक्षीस १८३ पौंडांचे होते. ब्रेस्लाऊचा एक शाळामास्तर लंडनहून परतला तो युरोपातला अव्वल खेळाडू म्हणून.

‘अमर डाव’ मात्र या स्पर्धेतला नव्हे. स्पर्धेच्याच दिवसांत, २१ जून १८५१ रोजी, लंडनच्या सिम्प्सन्स दिवाण या बैठकीच्या जागी किझेरित्स्की यांच्याबरोबर सहज खेळलेला तो डाव आहे. किझेरित्स्की पॅरिसमध्ये राहत आणि तेही गणिताचे शिक्षक होते. हरल्यावरही त्यांनी स्वतःच तो डाव आपल्या मासिकात छापला, हा त्यांचा मोठेपणा. ‘अमर’ हे नाव १८५५ मध्ये फाल्कबेअर यांनी दिले. अँडरसन यांनी त्यात एक उंट, दोन्ही हत्ती आणि अखेर वजीर दिला, आणि उरलेल्या दोन घोड्यांनी व एका उंटाने मात केली, इतके सर्वांना ठाऊक असते. पण विद्यार्थ्याने त्यापुढे जाऊन दोन गोष्टी पटावर पाहाव्यात. (पटाच्या उभ्या पट्ट्यांना ए ते एच आणि आडव्या ओळींना १ ते ८ अशी नावे असतात; त्यावरून बी२, ई५ अशी घरे ओळखतात.) पहिली अशी की, १७व्या खेळीला काळ्या वजिराने बी२ वरचे प्यादे खाल्ले तेव्हा काळ्याचे दोन्ही हत्ती, दोन्ही घोडे आणि वजिराकडचा उंट आपापल्या मूळ घरात बसलेले होते; त्यांपैकी राजाकडचा घोडा तर बाहेर जाऊन परत आलेला होता. म्हणजे पांढऱ्याने हत्ती दिले खरे, पण काळ्याचे हत्ती डावात आलेच नव्हते. लढाईच्या जागी कोणाची किती मोहरे आहेत असे मोजले, तर संख्याबळ पांढऱ्याकडेच होते. दुसरी गोष्ट म्हणजे ई५ ही प्याद्याची शांत खेळी. काळा वजीर ए१ च्या कोपऱ्यात हत्ती खायला गेला होता आणि तेथून निघणाऱ्या तिरक्या रेघेने तो जी७ या घराचे रक्षण करत होता. पांढऱ्याने प्यादे ई५ वर सरकवले आणि ती रेघ मधोमध तोडली. मग घोड्याने जी७ वर शह, वजिराने एफ६ वर शह देऊन घोड्याला त्या घरात ओढून घेणे, आणि उंट ई७ वर मात. या डावातली सर्वांत मोलाची खेळी कोणती असे मुलांना विचारले की ती वजिराच्या बळीकडे बोट दाखवतात. मी त्यांना ई५ कडे नेतो.

हा डाव निर्दोष मात्र नाही. १८व्या खेळीला उंट डी६ वर नेण्यापेक्षा पांढऱ्याला अधिक सोप्या वाटा होत्या. आणि काळ्याने ए१ चा हत्ती खाल्ल्यानंतर वजीर लगेच बी२ वर मागे घेतला असता तर त्याला झुंज देता आली असती, हे पुढे जगज्जेते झालेल्या स्टाइनिट्झ यांनी दाखवून दिले. संगणकाच्या काळात या चुका मोजून दाखवणे कोणालाही जमते. तो घड्याळाविना, गप्पांच्या बैठकीत झालेला डाव होता आणि त्याकडे त्याच नजरेने पाहावे.

अँडरसन यांची पद्धत अधिक स्पष्ट दिसते ती ‘सदाबहार’ डावात. हा १८५२ मध्ये बर्लिनला झां डुफ्रेन यांच्याविरुद्ध खेळलेला इव्हान्स गॅम्बिट (सुरुवातीलाच एक प्यादे देऊन वेगाने हल्ला मिळवण्याची पद्धत) आहे. त्याला हे नाव स्टाइनिट्झ यांच्यामुळे मिळाले. त्यातली अखेरची सात-आठ खेळ्यांची मांडणी पटावर लावून बसावे, असा माझा आग्रह आहे, म्हणून ती इथे जवळून पाहू.

१७व्या खेळीला पांढऱ्याने घोडा एफ६ वर नेऊन शह दिला. काळ्याने तो जी प्याद्याने मारला आणि पांढऱ्याने ई प्याद्याने मारून आपले प्यादे एफ६ वर रोवले. वरवर पाहता पांढऱ्याने एक घोडा दिला आणि बदल्यात एक प्यादे मिळवले. एवढेच नव्हे, तर जी पट्टी उघडून काळ्याला संधीही दिली, कारण काळ्याने लगेच हत्ती जी८ वर आणला. आता काळ्याचा वजीर, जी८ चा हत्ती आणि बी७ व बी६ वरचे दोन्ही उंट अशी चार मोहरे पांढऱ्या राजाच्या दिशेने रोखलेली आहेत. अशा वेळी अँडरसन यांनी शांतपणे वजिराकडचा हत्ती डी१ वर आणला. काळ्याने वजिराने एफ३ वरचा घोडा खाल्ला. जी२ चे प्यादे त्याला मारू शकत नाही, कारण समोर जी८ वर हत्ती आहे आणि मागे राजा. पुढच्या खेळीत जी२ वर मात होणार. म्हणजे इथून पुढे पांढऱ्याची प्रत्येक खेळी शह देणारीच हवी. एक खेळी जरी रिकामी गेली तरी डाव संपला.

पांढरा हत्ती ई७ वर घोडा मारून शह देतो. काळा सी६ च्या घोड्याने तो हत्ती मारतो. इथे क्षणभर थांबावे. सी६ चा घोडा जागेवरून हलला, त्यामुळे ए४ वरच्या पांढऱ्या वजिराची तिरकी रेघ डी७ पर्यंत मोकळी झाली. वजीर त्या घरात कोणत्याही आधाराशिवाय घुसतो असे वाटते, पण मागे डी१ चा हत्ती आणि मध्ये डी३ चा उंट आहे. काळा राजा वजीर खातो आणि डी७ वर येतो. उंट डी३ वरून एफ५ वर जातो आणि एकाच वेळी उंटाचा व हत्तीचा असा दुहेरी शह बसतो. दुहेरी शहाला राजाने पळण्यावाचून उत्तर नसते, मग समोर काळ्याचा वजीर कितीही धोकादायक जागी उभा असो. राजा सी६ वर गेला तर उंट डी७ वर लगेच मात. राजा ई८ वर परत गेला तर उंट डी७ वर पुन्हा शह, आणि त्यानंतर राजा एफ८ वर जावो की डी८ वर, ए३ चा दुसरा उंट ई७ वरचा घोडा खाऊन मात करतो. या शेवटच्या मांडणीत ई७ वरच्या उंटाला आधार कोणाचा आहे? एफ६ वरच्या प्याद्याचा. जी७ हे पळण्याचे घर कोण अडवते? तेच प्यादे. ज्या प्याद्याला एफ६ वर बसवण्यासाठी १७व्या खेळीला अख्खा घोडा दिला, त्या प्याद्यावर २४व्या खेळीची मात उभी आहे.

काळ्याने ई७ चा हत्ती न मारता राजा डी८ वर नेला असता तर? तर हत्ती डी७ वरचे प्यादे खाऊन शह देतो, राजा सी८ वर जातो आणि हत्ती पुन्हा डी८ वर शह देत स्वतःला पुढे करतो. तो जी८ च्या हत्तीने मारला, की जी पट्टीवरचा पहारा उठतो आणि जी२ चे प्यादे एफ३ वरचा वजीर निमूटपणे खाते. या बाजूच्या वाटासुद्धा अशा जुळतात. हत्ती डी१ वर आणण्याच्या त्या खेळीबद्दल विश्लेषकांनी पुढे बराच खल केला. काळ्याने वजिराने घोडा खाण्याऐवजी हत्ती जी४ वर नेला असता तर लढत लांबली असती, हेही दाखवले गेले. तरीही एका माणसाने पटावर बसून एवढे पाहिले, याने माझे मन दर वेळी भरून येते.

आता मॉर्फींकडे वळू. १८५८ च्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, ४० वर्षांचे अँडरसन ब्रेस्लाऊहून पॅरिसला गेले. मॉर्फी २१ वर्षांचे होते आणि नुकतेच आजारातून उठत होते, म्हणून सामना त्यांच्या हॉटेलातच झाला. पहिला डाव अँडरसन जिंकले, दुसरा बरोबरीत सुटला, आणि त्यानंतर मॉर्फींनी सलग पाच डाव घेतले. एकूण ११ डावांत मॉर्फी ७, अँडरसन २ आणि बरोबरी २, असा निकाल लागला. सामन्याआधी अँडरसन यांना तोडीच्या खेळाचा सराव फारसा नव्हता, हे खरे आहे. पण स्वतः अँडरसन यांनी ही सबब पुढे केली नाही. जर्मन बुद्धिबळ अभ्यासक व्हॉन डर लाझा यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटले की, आपले कौशल्य रत्नासारखे काचेच्या पेटीत ठेवून द्यावे आणि लागेल तेव्हा बाहेर काढावे असे होत नसते. ते सततच्या सरावानेच टिकते. पूर्वीसारखे चमकदार का खेळला नाहीत, असे विचारणाऱ्यांना मॉर्फी तसे खेळू देत नाहीत अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगतात.

या सामन्यातला नववा डाव मी विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवतो, कारण अँडरसन यांची खरी उणीव त्यात उघडी पडते. काळी मोहरे घेऊन ते सिसिलियन बचाव (पांढऱ्याच्या ई४ ला सी५ हे उत्तर) खेळले. सात खेळ्या झाल्या तेव्हा त्यांचा एकच घोडा बाहेर होता आणि राजा मध्यभागी होता; अशा अवस्थेत त्यांनी सातव्या खेळीला एफ५ आणि आठव्या खेळीला एफ४ अशी प्यादी रेटून मॉर्फींच्या उंटावर हल्ला चढवला. मॉर्फींनी उंट तसाच सोडून दिला, घोडा डी५ वर रोवला, दहाव्या खेळीला दुसऱ्या घोड्याचा शह देऊन राजाला बाहेर ओढला आणि १७व्या खेळीला डाव संपला. अँडरसन यांच्या पराभवाचे कारण बळी देण्याची आवड हे नव्हते. या डावात बळी तर मॉर्फींनीच दिला. आपली मोहरे बाहेर येण्याआधी, राजा किल्लेकोट करून हत्तीच्या आडोशाला जाण्याआधी, पटाचा मध्य उघडा असताना हल्ल्याला हात घालणे, हे ते कारण होते. मॉर्फी आधी सगळी मोहरे मैदानात आणत आणि मग मारत. अँडरसन यांना पुष्कळदा तेवढा धीर नसे, आणि समोरचा खेळाडू किझेरित्स्की किंवा डुफ्रेन असला तर ते खपूनही जाई.

याच सामन्याची दुसरी बाजू मात्र फार कमी लोक पाहतात. अँडरसन यांनी तीन डावांत पांढरी मोहरे असताना पहिलीच खेळी ए३ केली, म्हणजे कडेचे प्यादे एक घर पुढे. आजही या सुरुवातीला त्यांचे नाव आहे. ही खेळी लहरीतून आलेली नव्हती. मॉर्फींशी उघड्या डावात भिडणे परवडत नाही हे ओळखून, काळ्याचा सिसिलियन बचाव आपण पांढऱ्या मोहऱ्यांनी, एक चाल हातात जास्त ठेवून खेळावा, असा तिच्यामागचा विचार होता. त्या तीन डावांत एक हार, एक बरोबरी आणि एक विजय असा त्यांचा हिशेब राहिला. सामन्याचा पहिला डावही ते जिंकले होते, पण त्यात मॉर्फी पांढरे होते. म्हणजे पांढरी मोहरे घेऊन अँडरसन यांनी जिंकलेला सामन्यातला एकमेव डाव या ए३ चा आहे, आणि तो ७७ खेळ्या चालला. दुसऱ्या डावात, जो बरोबरीत सुटला, त्यांनी रुय लोपेझ या सुरुवातीत उंट ए४ वर नेल्यानंतर पाचव्या खेळीला डी३ अशी संथ मांडणी केली होती. तीही आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते, आणि सध्याचे आघाडीचे ग्रँडमास्टर रुय लोपेझमध्ये डी३ची संथ मांडणी सर्रास वापरतात. ज्या माणसाला आपण फक्त वजीर फेकणारा म्हणून ओळखतो, त्याच्या या दोन देणग्या किती सावध आहेत हे पाहावे.

मॉर्फी लवकरच गंभीर खेळातून बाजूला झाले आणि अँडरसन पुन्हा आघाडीवर आले. १८६१ मध्ये कोलिश यांच्याविरुद्धचा सामना त्यांनी थोडक्यात जिंकला; विचाराचा वेळ वाळूच्या घड्याळाने मोजलेला हा पहिला सामना. १८६२ मध्ये लंडनला प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळण्याची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तीही त्यांनीच जिंकली. रेव्हरंड जॉन ओवेन यांच्याविरुद्धचा तेवढा एक डाव त्यांनी गमावला आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या पाउल्सन यांना दोन गुणांनी मागे टाकले.

१८६६ मध्ये लंडनला स्टाइनिट्झ यांच्याशी सामना झाला. १२ डावांनंतर ६-६ अशी बरोबरी होती; शेवटचे दोन डाव स्टाइनिट्झ यांनी जिंकले. १४ डावांत एकही बरोबरीत सुटला नाही. याच विजयापासून स्टाइनिट्झ यांना जगातला अव्वल खेळाडू मानले जाऊ लागले. अनेकांना वाटते की त्या दिवशी जुनी शैली हरली आणि नवी जिंकली. तसे झाले नाही. स्टाइनिट्झ त्या वेळी स्वतःच बळी देणारे, हल्लेखोर खेळाडू होते. त्यांची संयमी, स्थानबळाची शिकवण पुढे १८७० च्या दशकात आकाराला आली.

आणि चार वर्षांनी, १८७० मध्ये बाडन-बाडन येथे, ५२ वर्षांच्या अँडरसन यांनी स्टाइनिट्झ, नॉयमान आणि ब्लॅकबर्न यांच्यापुढे पहिला क्रमांक मिळवला. स्टाइनिट्झ यांच्याविरुद्धचे दोन्ही डाव त्यांनी जिंकले. ही माझ्या मते त्यांची सर्वांत मोठी कामगिरी आहे, १८५१ च्या लंडनपेक्षाही मोठी, कारण इथले प्रतिस्पर्धी अधिक तयार होते आणि त्यांच्यापेक्षा बरेच तरुण होते. स्पर्धा सुरू होते न होते तोच फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले, एका खेळाडूला सैन्यात बोलावणे आल्याने स्पर्धा सोडावी लागली, आणि सरहद्दीपासून जवळच्या त्या गावात बाकीच्यांनी खेळ पुरा केला. कादंबरीकार तुर्गेनेव्ह त्या स्पर्धेच्या समितीचे उपाध्यक्ष होते.

त्यानंतर उतार लागला, पण तो संथ होता. ब्रेस्लाऊमध्ये त्यांच्याकडे शिकलेल्या झुकेरटोर्ट यांना त्यांनी १८६८ च्या सामन्यात सहज हरवले होते. १८७१ मध्ये तोच शिष्य त्यांच्याविरुद्ध ५-२ असा जिंकला. हेच झुकेरटोर्ट पुढे १८८६ मध्ये स्टाइनिट्झ यांच्याशी पहिला अधिकृत जगज्जेतेपदाचा सामना खेळले. १८७३ मध्ये व्हिएन्नाला अँडरसन तिसरे आले. १८७७ मध्ये त्यांनी बुद्धिबळ शिकल्याला ५० वर्षे झाली म्हणून लाइपझिगला खास स्पर्धा भरवण्यात आली. सत्कारमूर्ती स्वतः त्या स्पर्धेत खेळले आणि पाउल्सन यांच्यामागे दुसरे आले. १८७८ च्या पॅरिस स्पर्धेत, प्रकृती खालावलेली असताना, त्यांचा सहावा क्रमांक लागला. १३ मार्च १८७९ रोजी ब्रेस्लाऊमध्ये त्यांचे निधन झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या कबरीची पडझड झाली; १९५७ मध्ये त्यांचे अवशेष त्याच शहरातील ओसोबोविच दफनभूमीत हलवण्यात आले.

स्वभावाबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण त्या काळच्या बुद्धिबळात भांडणे, रुसवे आणि वर्तमानपत्रांतली उणीदुणी यांची कमतरता नव्हती. स्टाइनिट्झ हे काही कोणाची सहजासहजी स्तुती करणारे गृहस्थ नव्हते. पण अँडरसन यांच्याबद्दल त्यांनी लिहून ठेवले आहे की ते अंतर्बाह्य प्रामाणिक होते आणि वाद झाला की त्यांचा शब्द पुरेसा होई, कारण स्वतःच्या विरोधात जाणारा निर्णयही ते निःसंकोच देत.

आता शिकण्याच्या दृष्टीने. ज्या मुलाला अजून मोहरे बाहेर काढणे आणि वेळेवर किल्लेकोट करणे अंगवळणी पडलेले नाही, त्याच्या हातात अँडरसन आधी देऊ नयेत; त्याने आधी मॉर्फी पाहावेत. नाहीतर बळी देणे तेवढे लक्षात राहते आणि त्यामागचा हिशेब निसटतो. हा पाया पक्का झाल्यावर मात्र अँडरसन यांच्याइतका चांगला गुरू मला तरी माहीत नाही. मी त्यांचा डाव उलटा शिकवतो: आधी मातेची अखेरची मांडणी पटावर लावायची, प्रत्येक पांढऱ्या मोहऱ्याला ‘तू इथे काय करतोस?’ असे विचारायचे, राजाच्या सभोवतालचे प्रत्येक घर कोणी अडवले आहे ते बोट ठेवून सांगायचे, आणि मग एकेक खेळी मागे नेत जिथे पहिला बळी दिला गेला तिथपर्यंत यायचे. तिथे पोचल्यावर मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगायचे, की हे मोहरे देऊन नेमके काय विकत घेतले. ‘हल्ला मिळाला’ हे उत्तर मी मान्य करत नाही. एक पट्टी उघडली, एक प्यादे एफ६ वर बसले, एक वजीर कोपऱ्यात अडकला, असे मोजता येणारे उत्तर हवे.

डावांचा क्रम विचारलात तर आधी डुफ्रेन यांच्याविरुद्धचा डाव घ्यावा, कारण त्यातली मोजणी अधिक काटेकोर आहे. किझेरित्स्की यांच्याविरुद्धचा नंतर, आणि तोही बचावाच्या जागा शोधत. त्यानंतर १८६९ चा बार्मेन येथील झुकेरटोर्ट यांच्याविरुद्धचा इव्हान्स गॅम्बिट, ज्यात वजीर एच७ वर देऊन, मग त्याच घरात उंटही देऊन, हत्तीने एच८ वर मात होते. आणि शेवटी, थोडे कंटाळवाणे वाटले तरी, मॉर्फींविरुद्धचा तो ७७ खेळ्यांचा दहावा डाव पूर्ण खेळून पाहावा, दोन बैठका लागल्या तरी चालतील.